झुकिनी आणि लाल भोपळा: बी कधी टाकायचं, रोप कधी लावायचं

झुकिनी आणि लाल भोपळा एकाच घरातले, पण दोघांचा मोसम वेगळा. भोपळा जून-जुलैत, नाहीतर जानेवारी-फेब्रुवारीत टाकायचा. झुकिनीला आपला पावसाळा सोसत नाही, पानांवर केवडा रोग येतो, कोवळी फळं टोकाकडून सडायला लागतात, म्हणून पुणे-नाशिककडे दसरा ते दिवाळी हाच काळ धरा. डिसेंबरात रात्री पारा १०-१२ अंशांवर आला की बी मातीत नुसतं पडून राहतं आणि कुजतं, माझं एकदा अख्खं पाकीट असंच गेलंय.

बी रात्रभर कोमट पाण्यात भिजवा. कागदी कपाला खाली भोक पाडा, कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि गांडूळखत निम्मं-निम्मं भरा आणि बी इंचभर खोल, आडवं ठेवा. उबेला ठेवलं की साधारण आठवड्यात उगवतं.

आता खरी गडबड इथेच होते. रोप कपात छान दिसतं म्हणून आपण ठेवतो अजून चार दिवस, मग अजून चार, आणि कप फाडून बघावं तर मुळांनी तळाशी गोल वेटोळं घातलेलं असतं, असं रोप नंतर कितीही खत घाला, बसल्यासारखंच राहतं. पहिली दोन गुळगुळीत पानं धरायची नाहीत, त्यानंतर खरबरीत खरी पानं दोन-तीन आली की लगेच लावायचं. म्हणजे बी टाकल्यापासून १५-२० दिवसांत. त्याआधी तीन-चार दिवस रोप थोडं थोडं उन्हात ठेवा.

लावायचं संध्याकाळी, माती न हलवता, खड्ड्यात दोन मुठी शेणखत घालून. झुकिनी झुडपासारखी वाढते, तिला तीन फूट अंतर पुरतं, भोपळ्याचा वेल मात्र सहा-आठ फूट मागतो. गच्चीवर असाल तर झुकिनीच लावा, एका कुंडीत एकच रोप.

दीड महिन्यात फुलं येतात, सुरुवातीला बहुतेक नरच, घाबरू नका. मादी फुलाच्या मागे बोटाएवढं फळ दिसतं. मधमाश्या नसतील तर सकाळी आठच्या आत नर फूल तोडून पाकळ्या काढायच्या आणि मधला पिवळा दांडा मादी फुलात हलकेच फिरवायचा. त्यानंतर रोज बघत राहा, झुकिनी वीतभर झाली की कापा, दोन दिवस राहिली तरी आत बिया धरतात.