जुन्या बारच्या आठवणी लिहून ठेवायच्या असतील तर

नावं, तारखा नंतर. आधी बसायची जागा आठवा. आमचं टेबल जिन्याखालचं, एक पाय आखूड, त्याखाली पुठ्ठ्याची घडी. टेबल डोळ्यांपुढे आलं की कोण कुठे बसायचं ते आपोआप येतं. मग वास: सांडलेली बिअर, सिगारेटचा धूर, ओलं लाकूड. वासाची वाट मेंदूतल्या स्मृती आणि भावनांच्या भागांना फार जवळची, म्हणून हे टाळू नका. वेटरवर तर अख्खं पान लिहा. शेवटची ऑर्डर घेतली की पेन्सिल कानामागे खोचणारा आमचा वेटर मला मित्रांइतकाच प्रिय आहे. चाळिशीनंतर १० ते ३० या वयातल्या आठवणी सर्वांत जास्त वर येतात, तेव्हा घाई नको. मित्रांना फोन जरूर करा, पण आपलं लिहून झाल्यावरच. नाहीतर त्यांचं ऐकलेलं तुमच्या आठवणीत मिसळतं.