कापडी डायपर गळतात, वास मारतात, डाग जात नाहीत? या चुका टाळा

हौसेने कापडी डायपर घेतले, थोडे दिवस वापरले आणि आता कपाटाच्या वरच्या फळीवर पडून आहेत, असं सांगणाऱ्या आया पदोपदी भेटतात. कारणं ठरलेली तीन, गळतात, वास मारतात, पिवळे डाग जात नाहीत. यातलं तिसरं खरं तर कारणच नाही, आणि पहिल्या दोन्हींचं मूळ बहुतेक वेळा डायपरमध्ये नसतं, ते धुण्यात असतं. घरातली मोठी माणसं म्हणतात "आमच्या वेळी नुसते लंगोट होते, काही बिघडलं नाही", ते खरंच आहे, पण लंगोट म्हणजे सुती कापड, उकळा, आपटा, कडक उन्हात टाका, त्याला फरक पडत नाही. आत्ताच्या डायपरला बाहेरून पीयूएलचा, म्हणजे पाणी अडवणाऱ्या प्लास्टिकचा पातळ थर असतो, मांडीला इलास्टिक, पोटावर बटणं आणि आत वेगळा पॅड. याला लंगोटासारखं धुतलं की वाट लागते.

पाकिटातून काढला आणि लगेच बाळाला घातला

नवा कोरा पंचा पहिल्या दिवशी पाणी पुसतो कमी आणि पसरवतो जास्त, तसंच इथे होतं. कॉटन, बांबू, हेंप (तागासारखा धागा) असल्या पॅडच्या धाग्यात तेलकटपणा असतो, तो चार-पाच वेळा धुतल्याशिवाय जात नाही आणि तोपर्यंत पॅड पूर्ण शोषत नाही. मायक्रोफायबर हा कृत्रिम धागा, त्याला एकदा धुतलं तरी पुरतं. पहिल्याच दिवशी गळाला म्हणून डायपर फालतू ठरवणाऱ्यांनी आधी हे करून बघा.

गळतोय म्हणजे पॅड कमी पडतोय असं नाही

आधी कुठून गळतोय ते बघा. मांडीतून गळत असेल तर इलास्टिक मांडीवर बसवलंय का? ते जांघेच्या वळीत, चड्डीची शिवण जिथे येते तिथे बसायला हवं. डायपर घातल्यावर बोटाने आत सारा, बाळाचे पाय पोटाशी घ्या आणि फट दिसते का बघा. पाठीकडून ओलं होत असेल तर पॅडची कड कव्हरच्या बाहेर डोकावतेय किंवा झबलं आत खोचलं गेलंय, कापडाचं एक टोक ओलं झालं की अख्खं झबलं गळ्यापर्यंत भिजतं आणि दोष डायपरला. वरून घट्ट लेगिंग घातली किंवा बाळ कारसीटमध्ये, कॅरिअरमध्ये बसलं की मायक्रोफायबरचा पॅड दाबला जाऊन सू बाहेर येते, त्याचा तो स्वभावच आहे. पटकन शोषतो पण दाबलं की सोडतो. बांबू आणि हेंप हळू शोषतात पण धरून ठेवतात, म्हणून रात्रीसाठी वर मायक्रोफायबर आणि खाली बांबू किंवा हेंप ही जोडी चांगली. फक्त मायक्रोफायबर थेट कातडीला लागू देऊ नका, तो कातडीचा ओलावाही ओढून घेतो, त्यावर दुसरं कापड हवंच. मुलगा असेल तर पुढच्या बाजूला घडी जास्त घाला.

आणि दिवसा दोन-तीन तासांनी बदलायचाच. पेपरच्या डायपरसारखा सहा तास ठेवायचा हिशोब इथे चालत नाही, त्याच्या आत जेल असतं, इथे कापड आहे.

मालिश, तेल आणि क्रीम

आपल्याकडे बाळाला तेल म्हणजे अंग चपचपीत होईपर्यंत. मालिशवाल्या मावशी येतात, खोबरेल किंवा तिळाचं तेल जिरवतात, मग डाळीचं पीठ लावून आंघोळ, मग धुरी, आणि मग कमरेला उरलेल्या तेलावरच डायपर. हे तेल पॅडवर रोज थोडं थोडं चढतं, साबणाने पूर्ण निघत नाही आणि महिन्याभरात पॅडवर पाणी टाकलं की मोत्यासारखं गोळा होऊन घरंगळतं. खवट वासही बरेचदा त्याचाच असतो, सूचा नाही.

झिंक ऑक्साइडचं पांढरं रॅश क्रीम तर याहून हट्टी. लावायचं असेल तर खुशाल लावा, बाळाची कातडी डायपरपेक्षा महत्त्वाची, पण मध्ये जुन्या मऊ सुती साडीचा तुकडा घाला आणि तो वेगळा धुवा. मांडीच्या घडीत लालभडक रॅश असेल आणि आजूबाजूला सुटे बारीक लाल ठिपके असतील तर ती बुरशी असू शकते, नेहमीच्या क्रीमने जात नाही, डॉक्टरांना दाखवा.

शंका असेल तर टेस्ट सोपी आहे, धुतलेल्या कोरड्या पॅडवर चमचाभर पाणी ओता. लगेच मुरलं तर पॅड ठीक आहे, गोष्ट फिटिंगची आहे. वर तरंगलं तर तेल किंवा क्रीम बसलंय. मग भांड्यांचं लिक्विड थोडंसं चोळून कोमट पाण्यात धुवा, आणि फेस संपेपर्यंत खळबळवा.

बादलीत भिजत टाकणं

ही चूक घरोघरी होते कारण लंगोट तसेच भिजवायचे. दिवसभराचे डायपर साबणाच्या पाण्यात बुडवून ठेवले की पीयूएलचा थर आणि इलास्टिक खराब होतं, पाणी कुजतं, आणि त्यातून काढलेल्या डायपरचा वास मग कशाने जात नाही. मुख्य म्हणजे रांगणाऱ्या बाळाच्या घरात भरलेली बादली ठेवूच नये, तान्ह्या पोराला बुडायला चार बोटं पाणी पुरतं. सूचा डायपर नुसता नळाखाली धरून पिळा आणि हवा लागेल अशा जाळीच्या टोपलीत टाका. शीचा असेल तर शी आधी टॉयलेटमध्ये. फक्त अंगावर पिणाऱ्या बाळाची शी पाण्यात विरघळते, ती थेट मशीनमध्ये गेली तरी चालते, वरचं खाणं सुरू झालं की मात्र काढून टाकावीच लागते. दोन-तीन दिवसांपेक्षा जास्त साठवू नका.

साबण कमी की जास्त

एक गट म्हणतो बाळाचे कपडे म्हणून अर्धा चमचा साबण आणि रिठा, दुसरा गट मापटंभर पावडर ओततो. कमी साबण पडला तर सू धाग्यात राहते, तिथे जंतू वाढतात, आणि बाळाने पहिली सू केली की डोळ्यात पाणी येईल असा अमोनियाचा भपका येतो. तुमच्याकडे असा वास येत असेल तर बहुतेक वेळा साबण कमी पडतोय. रिठा रेशमी साडीला छान, शी-सूच्या जाड पॅडला त्याचा जोर पुरत नाही.

पद्धत साधी ठेवा. आधी थंड पाण्याचं एक छोटं चक्र, त्यात सू निघून जाते. मग नेहमीच्या कपड्यांना घालता तेवढी पावडर घालून चाळीस डिग्रीला मोठं चक्र. मग एक जादा खळबळ. ड्रम दोन तृतीयांश भरलेला असावा, ठासून भरला तर कपडे एकमेकांवर घासलेच जात नाहीत. समोरून उघडणारी मशीन कपड्यांच्या वजनावर पाणी ठरवते, कोरडे हलके डायपर घातले तर फारच कमी पाणी घेते, म्हणून ते ओले करून टाकायचे. फॅब्रिक कंडिशनर बिलकुल नाही, तो धाग्यावर थर चढवतो आणि शोषण बंद.

बोअरचं पाणी असेल, पुण्याच्या कडेच्या सोसायट्या, मराठवाडा, टँकरवर चालणारी ठिकाणं, तर ही कटकट दुप्पट. जड पाण्यातलं कॅल्शियम साबणाशी मिळून पांढरी चिकट साय बनवतं आणि ती कापडात बसते, वडीच्या साबणाने तर हमखास. पॅड पुठ्ठ्यासारखे कडक झाले तर ओळखा. तिथे वडी बंद, डिटर्जंट पावडर आणि सोबत थोडा धुण्याचा सोडा. धुण्याच्या मावशी ब्रशने आणि वडीने घासत असतील तर त्यांना एकदा शांतपणे दाखवा की कव्हरवर ब्रश चालवायचा नाही, त्यांना कोणी सांगितलेलंच नसतं आणि नंतर आपण बोलतो.

ब्लीच

पांढरं करायचं म्हणून क्लोरीन ब्लीच ('आला' नावाने मिळतं ते वगैरे) नकोच. इलास्टिक सैल पडतं, पीयूएल चिरतं, आणि सूने भिजलेल्या कापडावर ते ओतलं तर सूमधल्या अमोनियाशी मिळून विषारी वायू निघतो, बंद बाथरूममध्ये हा प्रकार गंभीर होऊ शकतो. ब्लीचमध्ये लिंबू किंवा व्हिनेगर मिसळणं तर त्याहून वाईट. बोअरच्या पाण्यात लोह असेल तर ब्लीचने कपडे उलटे पिवळट तांबूस होतात. पांढरं करायला व्हॅनिशसारखं ऑक्सिजनवालं ब्लीच (यात क्लोरीन नसतं) चालतं, कोमट पाण्यात, अर्धा-पाऊण तास. अँटिसेप्टिकची झाकणं ओतायचीही गरज नाही, नीट न निघालेलं औषध कातडीलाच झोंबतं.

आता डाग

डाग म्हणजे घाण नाही. धुतलेल्या, वास नसलेल्या पॅडवर पिवळी सावली राहिली तर तो स्वच्छच आहे. तरी कोणाकडून आलेली गोड झबली वाचवायची असतात, मलाही ते पिवळे गळे बघवत नाहीत, तर हे लक्षात ठेवा.

सगळ्यात मोठी चूक गरम पाणी. शी, दूध, रक्त यात प्रोटीन असतं, गरम पाणी पडलं की ते शिजून धाग्याला धरतं. आधी गार पाणी, नंतर कोमट.

तान्ह्या बाळाच्या मोहरीसारख्या शीचा पिवळा डाग उन्हात जातो, खरंच जातो. त्या पिवळेपणात बिलिरुबिनचा वाटा मोठा असतो, आणि काविळीच्या बाळाला निळ्या लाइटखाली ठेवून डॉक्टर जे बिलिरुबिन तोडतात तेच काम दोरीवर ऊन करतं. फक्त कपडा धुतलेला आणि ओला हवा, डाग उन्हाकडे. वाळला तर पाणी शिंपडून परत. पॅड आणि झबली हवं तेवढं तापू द्या, कव्हर मात्र सावलीत वाळवा, रोजच्या कडक उन्हाने इलास्टिक जातं.

वरण-भाताचा हळदीचा डागही उन्हानेच जातो. साबण लावल्यावर तो एकदम लाल होतो, घाबरू नका, हळद साबणाच्या पाण्यात लाल होते आणि खळबळवल्यावर परत पिवळी. साबण नीट काढून दोरीवर टाका, दोन-तीन उन्हात फिकट होत जातो. आंबा आणि गाजर यांचाही रंग उन्हात उडतो.

केळ्याचं उलटं. सांडतं तेव्हा काहीच दिसत नाही, धुऊन वाळलं की काळपट तपकिरी ठिपके. म्हणून केळं सांडलं की तिथल्या तिथे गार पाण्याने चोळायचं. काळं पडलं असेल तर ऑक्सिजनवाल्या पाण्यात रात्रभर.

सहा महिन्यांनंतर आशाताई आठवड्यातून दोनदा एक-एक मिलीचं जे आयर्न सिरप द्यायला सांगतात, त्याचे डाग लोखंडाचे असतात, त्यावर ब्लीच लावलं तर पक्के बसतात. लिंबाचा रस आणि मीठ लावून उन्हात ठेवा, मग धुवा. रंगीत कपड्यावर आधी आतल्या शिवणीजवळ करून बघा. सिरप सुरू असताना शी काळपट हिरवी होते, ते चालतं.

काजळ आणि मालिशच्या तेलाचे डाग ओले करायच्या आधी भांड्यांच्या लिक्विडने चोळा, पाणी लागलं की तेल पसरतं.

डाग धुण्याआधी एकदा रंगाकडे बघा मात्र. पहिल्या दोन-तीन दिवसांतली डांबरासारखी काळी शी आणि विटकरी-गुलाबी सूचे डाग नॉर्मल. विटकरी डाग त्यानंतरही येत असतील तर दूध कमी पडतंय का ते तपासायला हवं. शी पांढरट, मातकट असेल किंवा रक्त दिसलं तर आधी डॉक्टर, धुणं नंतर.

पावसाळा

मुंबई-कोकणात जुलैत जाड पॅड दोन दोन दिवस वाळत नाहीत आणि मग कुबट वास. या महिन्यांत शिवलेला जाड पॅड बाजूला ठेवा आणि कव्हरच्या आत घडी घातलेलं लंगोट किंवा दुपटं वापरा, एकपदरी कापड पंख्याखाली तासा-दोन तासात सुकतं, उरलेला दमटपणा इस्त्रीने काढता येतो. कव्हरला इस्त्री लावायची नाही, वितळतं. नेहमीपेक्षा चार-सहा पॅड जास्त लागतील, किंवा रात्रीपुरता पेपरचा डायपर वापरा, त्यात कमीपणा काही नाही.

ठेवणीतले कपडे

बाळाला लहान झालेली झबली-टोपडी धाकट्यासाठी किंवा नणंदेच्या बाळासाठी ठेवताना वरवर स्वच्छ दिसतात आणि वर्षभराने काढली की गळ्याशी पिवळे डाग, ते दुधाचे आणि लाळेचे, तेव्हा दिसत नव्हते इतकंच. ठेवण्याआधी ऑक्सिजनवाल्या पाण्यात एकदा धुवा, कडक वाळवा, प्लास्टिकच्या पिशवीपेक्षा सुती पिशवीत भरा. आणि त्यात डांबराच्या गोळ्या टाकू नका. त्यातलं नॅफ्थलीन कापडात शिरतं, आणि ज्या बाळांना जन्मतः जी६पीडी हे एन्झाइम कमी असतं त्यांच्या लाल रक्तपेशी त्याने फुटतात, कावीळ एकदम वाढते. तुमच्या बाळाला तो त्रास आहे की नाही हे पहिल्या आठवड्यात बऱ्याच वेळा कोणालाच माहीत नसतं. कडुलिंबाचा वाळका पाला ठेवा, आणि दुसऱ्यांकडून आलेल्या कपड्यांना तो गोळ्यांचा वास असेल तर आधी धुऊन, बाहेर वाऱ्यावर वास पूर्ण जाईपर्यंत टांगून, मगच बाळाच्या अंगावर.