पहिली गाडी, पहिला इन्शुरन्स: पैसे कुठं वाचवायचे आणि कुठं नाही

पहिल्यांदाच गाडी घेताय, लायसन्स नवंकोरं आहे आणि शोरूममधे इन्शुरन्सचा आकडा ऐकून पोटात गोळा आलाय, तर लगेच सही करू नका. त्या एका आकड्यात तीन-चार वेगळ्या गोष्टी एकत्र बांधलेल्या असतात. त्यातल्या एकीवर रुपयाही कमी होत नाही आणि बाकीच्यांवर हजारो रुपये वाचू शकतात, फक्त नेमकं कुठं हात घालायचा ते माहीत पाहिजे.

आधी एक गैरसमज काढून टाकू. बाहेरच्या देशातले व्हिडिओ बघून बऱ्याच जणांना वाटतं की आपलं वय कमी म्हणून प्रीमियम जास्त लागतोय. तिकडं तसं असतं, पण आपल्याकडं इन्शुरन्स मुख्यतः गाडीचा असतो, चालवणाऱ्याचा नाही. थर्ड पार्टीचा दर तर वयावर ठरतच नाही. नवीन माणसाला महाग पडतं ते दुसऱ्याच कारणांनी: गाडी नवी म्हणून तिची किंमत जास्त, नो क्लेम बोनस (वर्षभर क्लेम न केल्याबद्दल मिळणारी सूट) शून्य, आणि डीलरनं न विचारता चिकटवलेले जादा पैशांचे वाढीव कव्हर म्हणजेच अ‍ॅड-ऑन.

आता तो आकडा फोडून बघू. पहिला भाग थर्ड पार्टी, म्हणजे तुमच्या गाडीनं दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्याची भरपाई. हा मोटार वाहन कायद्यानं सक्तीचा आहे, नसेल तर पहिल्या वेळी २,००० आणि नंतर ४,००० रुपये दंड, शिवाय तीन महिन्यांपर्यंत कैदेचीही तरतूद आहे. सुप्रीम कोर्टाच्या आदेशामुळं १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या कारला हा भाग एकदम तीन वर्षांचा घ्यावा लागतो. दर सरकारच ठरवतं, सगळ्या कंपन्यांचा सारखाच. जून २०२२ ला लागू झालेल्या दरांप्रमाणे तीन वर्षांचे १००० सीसीपर्यंत ६,५२१ रुपये, १००० ते १५०० सीसीला १०,६४० आणि १५०० च्या वर थेट २४,५९६, त्यावर जीएसटी वेगळा. म्हणजे ह्यात घासाघीस करण्यात अर्थ नाही, पण गाडी अजून ठरली नसेल तर हे आकडे जरूर डोक्यात ठेवा, कारण १४९७ सीसीचं इंजिन आणि १६०० च्या आसपासचं इंजिन ह्यात पहिल्याच दिवशी जवळपास चौदा हजारांचा फरक पडतो. इलेक्ट्रिक गाड्यांना त्याच दरपत्रकात १५ टक्के सूट आहे.

दुसरा भाग ओन डॅमेज, म्हणजे तुमच्या स्वतःच्या गाडीचं नुकसान, चोरी, आग, पूर वगैरे. सगळी मजा इथं आहे. ह्याचा दर प्रत्येक कंपनी आपापला लावते, त्यामुळं त्याच गाडीला, त्याच दिवशी, दोन कंपन्यांचे कोट बघून विश्वास बसणार नाही इतका फरक निघतो. नवीन गाडीला हा भाग सहसा एक वर्षाचा असतो, तीन वर्षांचा ओन डॅमेज एकत्र विकणं आयआरडीएआयनं (विमा कंपन्यांवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था) ऑगस्ट २०२० मधे बंद केलं, म्हणून पुढच्या वर्षी कंपनी बदलायला तुम्ही मोकळे. थर्ड पार्टी एका कंपनीकडं आणि ओन डॅमेज दुसऱ्या कंपनीकडं असं सुद्धा चालतं, सप्टेंबर २०१९ पासून फक्त ओन डॅमेजची वेगळी पॉलिसी मिळते. हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं आणि ते तीनही वर्षं डीलरकडून आलेल्या रिन्युअलच्या लिंकवर पैसे भरत राहतात.

मग प्रत्यक्षात करायचं काय, तर डीलरकडून कोट लेखी मागा, तोंडी आकडा नको. त्यात आयडीव्ही (इन्शुरन्समधे धरलेली गाडीची किंमत) किती, ओन डॅमेज किती, थर्ड पार्टी किती, कुठले अ‍ॅड-ऑन आणि प्रत्येकाचे किती, हे सगळं वेगळं लिहून घ्या. मग तोच आयडीव्ही आणि तेच अ‍ॅड-ऑन टाकून दोन-तीन कंपन्यांच्या वेबसाईटवर आणि एखाद्या तुलना करणाऱ्या साईटवर बघा. आयडीव्ही वेगवेगळा ठेवून केलेली तुलना काही कामाची नाही, हे परत परत सांगावंसं वाटतं कारण स्वस्त दिसणाऱ्या कोटमधे बऱ्याचदा आयडीव्हीच खाली ओढलेला असतो. स्वस्त कोट हातात घेऊन परत डीलरकडं जा, बहुतेक वेळा तो तिथल्या तिथं कमी करतो. नाही केला तर बाहेरून घ्या, डीलर त्याच्याकडूनच घ्यायची सक्ती करू शकत नाही, आयआरडीएआयचा तसा स्पष्ट नियम आहे. बाहेरून घ्यायला गाडीचा चेसिस नंबर, इंजिन नंबर आणि प्रोफॉर्मा इनव्हॉइस लागतं, ते मागून घ्या, आणि हे रजिस्ट्रेशनच्या आधी उरकावं लागतं म्हणून डिलिव्हरीच्या आदल्या दिवसापर्यंत थांबू नका.

"बाहेरची पॉलिसी घेतली तर आमच्याकडं कॅशलेस होणार नाही" हे वाक्य तुम्हाला हमखास ऐकवलं जाईल. कॅशलेस, म्हणजे दुरुस्तीचं बिल इन्शुरन्स कंपनीनं थेट गॅरेजला देणं, होतं की नाही हे गॅरेज आणि इन्शुरन्स कंपनीच्या टायअपवर असतं, पॉलिसी कुठं विकत घेतली त्यावर नाही. कंपनीच्या साईटवर नेटवर्क गॅरेजची यादी असते, त्यात तुमच्या जवळचं सर्व्हिस सेंटर आहे का एवढं बघा म्हणजे झालं.

आयडीव्ही म्हणजे गाडी चोरीला गेली किंवा पार चेपली तर जास्तीत जास्त मिळणारी रक्कम. सहा महिन्यांपर्यंतच्या गाडीला गाडी बनवणाऱ्या कंपनीच्या किमतीतून ५ टक्के वजा करतात, वर्षापर्यंत १५, दुसऱ्या वर्षी २०, तिसऱ्या वर्षी ३० असं चढत जातं. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांच्या वर गेला की गाडी टोटल लॉस धरतात. आता आयडीव्ही पन्नास हजारांनी कमी केला तर प्रीमियम वाचतो हजार-दीड हजाराच्या आसपास, आणि गाडी चोरीला गेली तर जातात पूर्ण पन्नास हजार. गाडी लोनवर असेल तर आणखी वाईट, कारण मिळालेल्या पैशातून आधी बँक आपलं घेणार. इथं वाचवू नका.

घरात जुनी गाडी असेल आणि ती विकून नवी येत असेल तर हा पुढचा भाग नीट वाचा, नवीन ड्रायव्हरसाठी सगळ्यात मोठी कायदेशीर बचत हीच आहे. नो क्लेम बोनस गाडीचा नसतो, मालकाचा असतो. बाबांनी पाच वर्षं क्लेम केलेला नसेल तर त्यांचा ५० टक्के बोनस तयार असतो. जुनी गाडी विकल्यावर त्यांच्या इन्शुरन्स कंपनीकडून एनसीबी (म्हणजे नो क्लेम बोनस) रिटेन्शन लेटर घ्यायचं, ते तीन वर्षं चालतं, आणि नवी गाडी बाबांच्याच नावावर घेतली तर ओन डॅमेज निम्म्यावर येतं. गाडी तुम्ही चालवलीत तरी चालतं, मालकाच्या परवानगीनं वैध लायसन्स असलेला कुणीही चालवू शकतो. पण गाडी तुमच्या नावावर घेतली तर बाबांचा बोनस तुम्हाला मिळत नाही, आणि जुनी गाडी घरातच ठेवणार असाल तर बोनस तिच्यावरच राहतो, दोन्ही गाड्यांवर लावता येत नाही. ह्यात खोटं डिक्लेअर करायचा मोह अजिबात नको, ऑनलाइन फॉर्ममधे ५० टक्के टिक करणं सोपं आहे पण कंपनी जुन्या कंपनीकडून खात्री करून घेते आणि मग ऐन क्लेमच्या वेळी अडकवते.

एक गोष्ट मात्र ह्यात सुटते. १५ लाखांचं जे पर्सनल अ‍ॅक्सिडेंट कव्हर सक्तीचं असतं ते मालक-चालकाचं असतं, म्हणजे गाडी बाबांच्या नावावर असेल तर ते बाबांचं, तुमचं नाही. रोज गाडी तुम्ही चालवणार असाल तर स्वतःसाठी वेगळी अपघात पॉलिसी घ्या, ती फार महाग नसते आणि कुठल्याही गाडीत, बाईकवर, चालतानासुद्धा लागू असते. उलट बाजूनं, तुमच्याकडं आधीच बाईकबरोबर घेतलेलं १५ लाखांचं कव्हर चालू असेल तर कारसाठी परत पैसे भरायची गरज नाही, डीलरला तसं सांगा.

अ‍ॅड-ऑनमधे माझं स्पष्ट मत सांगतो. नवीन ड्रायव्हरनं पहिली दोन-तीन वर्षं झिरो डेप, म्हणजे क्लेममधून पार्टच्या घसाऱ्याचे पैसे न कापणारं कव्हर, घ्यावंच. साध्या पॉलिसीत क्लेमच्या वेळी प्लॅस्टिक, रबर, टायर, बॅटरी ह्यांच्या किमतीतून ५० टक्के कापतात, फायबरवर ३० टक्के, काचेवर काही नाही. आणि नवीन हात पहिले कुठं घासतो तर बंपरला, जो प्लॅस्टिकचा असतो. काही पॉलिसीत झिरो डेपचे वर्षाला दोनच क्लेम मिळतात, ते विचारून घ्या. पावसात पाणी तुंबणाऱ्या भागात राहत असाल तर इंजिन प्रोटेक्ट घ्या, कारण बुडालेली गाडी स्टार्ट करून इंजिन गेलं तर साध्या पॉलिसीत ते सहसा मिळत नाही (आणि अ‍ॅड-ऑन असलं तरी पाण्यातली गाडी स्टार्ट करू नका, टो करून न्या). रिटर्न टू इनव्हॉइस (गाडी चोरीला गेली किंवा टोटल लॉस झाली तर आयडीव्हीऐवजी बिलाची किंमत) नवीन आणि महाग गाडीला ठीक. किल्ली हरवल्याचं, सामान चोरीचं, टायरचं वगैरे खुशाल काढून टाका. रोडसाइड असिस्टन्स बऱ्याचदा गाडीच्या कंपनीकडून पहिली काही वर्षं फुकटच असतं, दोनदा पैसे कशाला.

व्हॉलंटरी डिडक्टिबल म्हणून एक प्रकार दिसेल, म्हणजे क्लेममधले पहिले ठरावीक पैसे मी भरतो, प्रीमियम कमी करा. सक्तीचं डिडक्टिबल १५०० सीसीपर्यंत १,००० आणि त्यावर २,००० रुपये असतंच, हे त्याच्यावर वाढीव. जुन्या टॅरिफप्रमाणे, म्हणजे दरपत्रकाप्रमाणे, २,५०० घेतलं तर जास्तीत जास्त ७५० रुपये सूट आणि १५,००० घेतलं तर जास्तीत जास्त २,५००, कंपनीनुसार थोडं इकडंतिकडं होतं. अडीच हजारांसाठी पंधरा हजार अंगावर घेणं नवख्या माणसाला परवडत नाही. २,५०० वालं मात्र चालेल, कारण तेवढ्या छोट्या कामाचा क्लेम तसाही करायचा नसतो.

का नसतो, तर हिशोब बघा. बोनसच्या पायऱ्या २०, २५, ३५, ४५, ५० टक्के अशा आहेत. समजा ओन डॅमेज १०,००० आहे आणि पहिल्या वर्षी तुम्ही क्लेम केला. मग दुसऱ्या वर्षी २,००० रुपयांची सूट गेली, तिसऱ्या वर्षी २५ ऐवजी २० म्हणजे ५०० गेले, मग १,०००, परत १,०००, मग ५००. एका क्लेमची पाच वर्षांतली किंमत झाली ५,००० रुपये, वर सक्तीचे १,००० खिशातून. गाडीची किंमत दरवर्षी उतरते म्हणून खरा आकडा थोडा कमी येतो, पण ढोबळ नियम असा की ओन डॅमेजच्या निम्म्यापर्यंतचं बिल असेल तर स्वतः भरा, क्लेमला हात लावू नका. गेटला घासलेला दरवाजा बाहेरच्या चांगल्या पेंटरकडं करून घ्या. आणि लहानसहान ओरखडे लगेच दुरुस्त करत बसू नका, शिकताना अजून पडणार आहेत.

गाडी कमी चालणार असेल, म्हणजे कॉलेज किंवा ऑफिसला लोकलनं जाता आणि गाडी फक्त शनिवार-रविवार, तर पे अ‍ॅज यू ड्राइव्ह बघा. आयआरडीएआयनं जुलै २०२२ मधे ह्याला परवानगी दिली, किलोमीटरच्या स्लॅबप्रमाणे ओन डॅमेज कमी होतं. स्लॅब संपल्यावर काय होतं आणि टॉप-अप मिळतो का, हे घ्यायच्या आधी वाचा.

पहिली गाडी सेकंडहँड असेल तर वेगळी काळजी घ्यायची. गाडी नावावर झाली की १४ दिवसांत पॉलिसी पण आपल्या नावावर करून घ्या, थर्ड पार्टी कायद्यानं आपोआप तुमच्याकडं येतं पण ओन डॅमेज येत नाही, आणि नाव न बदलता अपघात झाला तर कंपनी हात वर करते. विकणाऱ्याचा बोनस त्याच्याकडं जातो, तो फरक तुम्हाला भरावा लागतो, तेव्हा सौदा करतानाच तो धरून ठेवा. सीएनजी किट बाहेरून बसवलेलं असेल तर ते आरसी आणि पॉलिसी दोन्हीवर चढलंय का बघा. आठ-दहा वर्षं जुनी, किंमत लाखाच्या आत आलेली गाडी शिकायला घेतली असेल तर नुसतं थर्ड पार्टी ठेवणं सुद्धा शहाणपणाचंच आहे.

अजून लर्निंगवरच असाल तर शेजारी पक्कं लायसन्स असलेला माणूस बसलेला पाहिजे आणि गाडीला पुढं-मागं लाल एल लावलेला पाहिजे, तरच पॉलिसी लागू होते. एकट्यानं सोसायटीच्या बाहेर चक्कर मारायला जाऊन ठोकली तर वरची सगळी बचत वाया.

रिन्युअलची तारीख फोनमधे महिनाभर आधीची लावून ठेवा, कारण मुदत संपल्यावर कंपनी गाडीची तपासणी मागते, मधल्या दिवसांत काही झालं तर कव्हर नाही, आणि ९० दिवस उलटले की जमवलेला बोनस शून्य होतो. पैसे भरल्यावर पॉलिसीची पीडीएफ उघडून नाव, चेसिस नंबर, आयडीव्ही आणि अ‍ॅड-ऑन तपासा, चूक असेल तर त्याच आठवड्यात दुरुस्त करून घ्या. क्लेम अडलाच तर आधी कंपनीच्या तक्रार विभागाला लेखी द्या, महिन्याभरात उत्तर नाही आलं किंवा पटलं नाही तर विमा लोकपालाकडं जा, मुंबई आणि पुणे दोन्हीकडं कार्यालय आहे, फी लागत नाही आणि वकीलही लागत नाही.