मुलांची ॲलर्जी टेस्ट आणि ॲलर्जीची इंजेक्शनं: या चुका टाळा

माझ्या मुलाची पहिली ॲलर्जी टेस्ट वाया गेली आणि ती माझ्यामुळे गेली. साडेपाच वर्षांचा होता. नर्सताईंनी हातावर बॉलपेनने आकडे लिहिले, प्रत्येक आकड्याशेजारी धूळ, परागकण अशा एकेका गोष्टीच्या अर्काचा थेंब ठेवला आणि त्या थेंबातून अगदी बारीक टोचलं, रक्तसुद्धा येत नाही. यात एक थेंब हिस्टामिनचा असतो (ॲलर्जीत शरीर सोडतं तो पदार्थ, खाज आणि गांधी त्यानेच येते), तिथे गांधी उठायलाच पाहिजे, आणि एक नुसत्या सलाईनचा, तिथे काहीच उठायला नको. पंधरा मिनिटं मी त्याचा हात धरून बसले, बघते तर हिस्टामिनची जागा सपाट! डॉक्टरांनी विचारलं, सर्दीचं काही औषध दिलंय का? मी म्हटलं नाही हो, सेट्रिझिन आठ दिवस झाले बंद आहे. मग आठवलं, दोन दिवसांपूर्वी रात्री नाक चोंदलं म्हणून घरातलं सर्दीचं सिरप दिलं होतं. त्यात क्लोरफेनिरामिन होतं आणि ते पण सेट्रिझिनसारखं अँटीहिस्टामिनच, म्हणजे हिस्टामिनचा परिणाम दाबणारं औषध, म्हणून गांधी उठलीच नाही.

ही चूक खूप जण करतात, कारण आपण औषध ब्रँडच्या नावाने ओळखतो, आत काय आहे ते वाचत नाही. रात्री झोपताना द्यायचं म्हणून जे सिरप मिळतं त्यात बऱ्याचदा मोन्टेलुकास्टबरोबर लेव्होसेट्रिझिन असतं. नुसतं मोन्टेलुकास्ट टेस्टला सहसा आड येत नाही, लेव्होसेट्रिझिन येतं, कारण ते अँटीहिस्टामिन आहे. खाजेसाठी दिलेलं हायड्रॉक्सिझिन पण तसंच. साधारण आठवडाभर आधी ही औषधं थांबवायला सांगतात, पण तुमच्या मुलाचं कुठलं कधी थांबवायचं ते डॉक्टरांनाच विचारा आणि विचारताना घरातल्या सगळ्या बाटल्यांचे फोटो दाखवा, आजीने आणलेली बाटली पण. आणि याच्या बरोबर उलटी चूक म्हणजे टेस्ट आहे म्हणून दम्याचा पंपच बंद करणं. प्लीज असं करू नका! पंपाने टेस्ट बिघडत नाही, पण पंप बंद केला तर मूल बिघडू शकतं. औषध थांबवणं शक्यच नसेल तर रक्तातली स्पेसिफिक आयजीई टेस्ट करता येते (आयजीई म्हणजे ॲलर्जीत शरीर तयार करतं ती अँटीबॉडी), तिला अँटीहिस्टामिनचा फरक पडत नाही.

आता सगळ्यात मोठी चूक, जिच्यासाठी मी हे लिहायला बसले. काय शोधायचंय ते माहीत नसताना टेस्ट करणं. लॅबवाले पॅकेज देतात, शे-दोनशे पदार्थांची यादी, लाल-पिवळे रंग असलेला रिपोर्ट, आणि आईवडील तो रिपोर्ट फ्रीजला चिकटवून स्वयंपाक करायला लागतात. माझ्या नणंदेच्या मुलीचा असाच रिपोर्ट आला, गहू, दूध, अंडं, शेंगदाणे सगळं पॉझिटिव्ह, आणि ती पोर तोपर्यंत रोज पोळी आणि शेंगदाण्याची चटणी मजेत खात होती, एकदाही काही झालं नव्हतं. तरी चार महिने सगळं बंद केलं, वजन वाढायचं थांबलं, शेवटी ॲलर्जीच्या डॉक्टरांनी एकेक पदार्थ परत सुरू करून दिला. टेस्ट पॉझिटिव्ह म्हणजे शरीराने त्या गोष्टीविरुद्ध आयजीई तयार केलंय, एवढंच. खाल्ल्यावर त्रास होतो का हा वेगळा प्रश्न, त्याचं उत्तर मुलाच्या रोजच्या खाण्यात असतं. अडलंच तर हॉस्पिटलमध्ये डॉक्टरांसमोर थोडं थोडं खायला देऊन बघतात, तीच खरी परीक्षा. आणि चालत असलेला पदार्थ उगाच बंद करण्यात एक धोका आहे, विशेषतः एक्झिमा (कोरडी, खाजरी त्वचा) असलेल्या लहान बाळांमध्ये, कारण बऱ्याच दिवसांनी परत दिल्यावर खरीखुरी रिॲक्शन येऊ शकते. 2015 साली इंग्लंडमधला 640 बाळांचा अभ्यास आला होता, ॲलर्जीचा धोका जास्त असलेली बाळं, त्यात ज्यांना लहानपणापासून शेंगदाणा खायला दिला त्यांच्यात पुढे शेंगदाण्याची ॲलर्जी खूपच कमी निघाली.

पॅकेजमध्ये आयजीजी (आयजीईपेक्षा वेगळी अँटीबॉडी) लिहिलेलं असेल तर पैसे देऊच नका, खाल्लेल्या पदार्थाचं आयजीजी सापडणं नॉर्मल आहे. टोटल आयजीई वाढलं म्हणून पण घाबरू नका, पोटात जंत असले तरी वाढतं.

त्यापेक्षा टेस्टच्या आधी महिनाभर कालनिर्णयवर लिहून ठेवा. शिंका सकाळी उठल्या उठल्या येतात का, अंथरूण झटकताना येतात का, मैदानावरून आल्यावर डोळे लाल होतात का. दुसऱ्या टेस्टला मी तो कागद नेला आणि डॉक्टरांनी आधी तोच वाचला. पुण्यात पावसाळ्यानंतर त्रास वाढत असेल तर गाजर गवताचा विचार करावा लागतो, हे गवत 1950 च्या दशकात पहिल्यांदा पुण्यातच दिसलं असं म्हणतात, आणि मुंबई-कोकणातल्या दमट घरात वर्षभर नाक वाहत असेल तर गादीतले माइट (धुळीतले डोळ्यांना न दिसणारे किडे) आणि बुरशी. आमच्याकडे माइटची गांधी हिस्टामिनपेक्षा मोठी उठली, आणि कागदावर पण तेच होतं, रोज सकाळी सातला शिंका.

मग ॲलर्जीची इंजेक्शनं. ज्याची ॲलर्जी आहे तेच थोडं थोडं टोचून शरीराला त्याची सवय लावायची. ही इंजेक्शनं धूळ, परागकण, मधमाशीचा डंख यासाठी असतात, खाण्याच्या ॲलर्जीसाठी नाहीत, हे आधी डोक्यात पक्कं करा. साधारण पाच वर्षांच्या पुढेच सुरू करतात, कारण त्याहून लहान मुलाला घशात कसंतरी होतंय हे सांगता येत नाही. पहिले काही महिने बहुतेक दर आठवड्याला, डोस वाढवत वाढवत, मग महिन्यातून एकदा, असं तीन ते पाच वर्षं. सहा महिन्यांत बरं वाटलं म्हणून बंद करणारे खूप आहेत, आणि मग त्रास परत आला की इंजेक्शनं काही उपयोगाची नाहीत म्हणतात.

इंजेक्शन झाल्यावर अर्धा तास तिथेच बसायचं. क्लास आहे, ट्रॅफिक आहे, काही असो, बसायचंच. गंभीर रिॲक्शन आली तर बहुतेक वेळा त्याच अर्ध्या तासात येते. बरेचदा औषधाची बाटली आपल्याच फ्रीजमध्ये ठेवायला देतात (फ्रीझरमध्ये नाही हं, गोठली तर गेली), म्हणून लोक घराजवळच्या कुठल्याही दवाखान्यात टोचून घेतात. तिथे ॲड्रेनलिन (गंभीर रिॲक्शनवरचं तातडीचं इंजेक्शन) आहे का आणि ते द्यायची तयारी आहे का, हे विचारल्याशिवाय टोचून घेऊ नका. दंडावर थोडी सूज, खाज चालते. पण अंगभर गांधी आणि सोबत खोकला, उलट्या, आवाज बसणं, ओठ सुजणं असलं काही दिसलं तर ते अंगावर पित्त उठलंय म्हणून आमसुलाचं पाणी लावत बसू नका. तेव्हा मांडीत ॲड्रेनलिन लागतं, ताबडतोब, सेट्रिझिनने भागत नाही. दवाखान्यातून निघून गेला असाल तर 108 ला फोन करा, मुलाला आडवं ठेवा, दम लागत असेल तर बसवा, चालवत नेऊ नका.

ताप असेल, छातीत घरघर असेल त्या दिवशी इंजेक्शन नको, आधी डॉक्टरांना सांगा. त्या संध्याकाळी फुटबॉल, स्विमिंग पण नको. आणि मे महिन्यात गावाला जाणार असाल तर निघायच्या आधी सांगा, कारण मोठी गॅप पडली की डोस कमी करून परत वाढवावा लागतो. आम्ही पहिल्या वर्षी न सांगता गेलो, परत आल्यावर दोन पायऱ्या खाली उतरावं लागलं आणि मुलाला आणखी टोचून घ्यावं लागलं. आता तो स्वतःच घड्याळ बघतो, मोठा काटा अर्ध्यावर फिरला की म्हणतो, आई, चल आता.