आवाज येतो, पण चित्र दिसत नाही
परभणी-बीडकडे उन्हाळ्यातली धूळ जुन्या टीव्हीच्या पाठीमागील खाचांत जाऊन बसते. त्यामुळे आवाज येत असूनही चित्र दिसत नसेल, तर टीव्ही व सेट-टॉप बॉक्स दोन्ही बंद करून बॉक्सकडून टीव्हीत चित्र नेणारी पिवळी पिन काढावी, कोरड्या सुती कापडाने पुसावी आणि किंचित फिरवत घट्ट बसवावी. लाल व पांढरी पिन केवळ आवाजाची असते. पिवळी पिन टीव्हीच्या ‘एव्ही आउट’मध्ये, म्हणजे सिग्नल बाहेर पाठवणाऱ्या खाचेत, तर गेली नाही ना, हेही पाहावे, ही चूक भल्याभल्यांकडून होते. चित्र येते पण रंग नाही, असे असल्यास पिन हिरव्या खाचेत गेलेली असू शकते, किंवा बॉक्सच्या सेटिंगमध्ये ‘पाल’ऐवजी ‘एनटीएससी’ (या दोन्ही रंगीत चित्राच्या पद्धती) निवडले गेलेले असते. आपल्याकडील जुने संच ६२५ रेषांच्या ‘पाल’ पद्धतीचे आहेत. मेकॅनिकला बोलावण्यापूर्वी शेजाऱ्यांकडची अशीच तीन पिनांची केबल लावून पाहावी.