किनाऱ्यावरची माणसं: चित्राचं रसग्रहण लिहिताना

कला महाविद्यालयात पहिल्या वर्षाला रसग्रहण लिहायला दिलं की बरीच मुलं सुरुवातीलाच लिहून मोकळी होतात, 'निळा रंग म्हणजे दुःख.' मी रत्नागिरीकडची. आमच्याकडे समुद्र निळा दिसला की उघडीप पडली, आता होड्या बाहेर जातील, असं म्हणतात. म्हणून पाब्लो पिकासोचं 'द ट्रॅजेडी' हे १९०३ सालचं, निळ्या रंगातलं चित्र अभ्यासाला आलं तेव्हा मी रंग बाजूला ठेवून आधी माणसं पाहिली. नव्या मुलांनाही तेच सांगते.

किनाऱ्यावर एक पुरुष, एक बाई आणि लहान मुलगा. तिघंही अनवाणी. बाई आपल्याकडे पाठ करून उभी. दोघा मोठ्यांनी हात अंगाशी आवळून घेतलेत, माना खाली. समुद्राकडे कुणाचंच लक्ष नाही! आपल्या पुळणीवर रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढणारे बघा: टाचा वाळूत रोवलेल्या, अंग मागे रेललेलं, नजर पाण्यावर. पिकासोच्या किनाऱ्यावर होडी नाही, जाळं नाही, कामाची कुठलीच खूण नाही. हा समुद्र कुणाचं पोट भरणारा वाटत नाही.

आता हात बघा, इथे हवा तेवढा वेळ घ्या. मुलाचा एक हात पुरुषाच्या मांडीला लागलाय, दुसऱ्याचा तळवा उघडा. तिघांत मोकळे हात एवढेच. तो काहीतरी मागतोय, आणि ओंजळभर द्यायला मोठ्यांचे हात सुटतच नाहीत. माझ्या मते चित्राचा जीव त्या तळव्यात आहे.

अनवाणी पाय दिसले की लगेच 'गरिबी' लिहू नका. पुळणीवर आपण सगळेच चपला काढून चालतो. इथे मात्र अंग कपड्यात लपेटलेलं, खांदे गारठल्यासारखे आणि पाय तेवढे उघडे. चित्रातलीच दुसरी खूण दुजोरा देते तेव्हाच पहिलीला प्रतीक म्हणावं.

चरित्र सगळ्यात शेवटी. १९०१ मध्ये पिकासोचा मित्र कार्लेस कासाजेमासने आत्महत्या केली; १९०१ ते १९०४ हा पिकासोचा 'निळा कालखंड', म्हणजे निळ्या छटांतल्या चित्रांचा काळ, मानतात. ही माहिती आधी वाचली की डोळे चित्रात तो मित्रच शोधत बसतात.

जमलं तर शेजारी चित्रकार बी. प्रभा यांनी काढलेलं कोळणींचं चित्र ठेवा. त्याही अशाच उंच, शेलाट्या. शरीर लांबवण्याची युक्ती तीच असून भाव कुठे बदलतो, हे मान, खांदे आणि हातातल्या वस्तूंवरून लिहून काढा. आणि 'द ट्रॅजेडी' मोबाइलवर बघून थांबू नका. मूळ चित्र लाकडी फळीवर आहे, सुमारे १०५ बाय ६९ सेंटिमीटर. भिंतीवर खडूने तेवढा आयत आखा, म्हणजे ही माणसं समोर केवढी उभी राहतात ते कळेल.