आईंची शुगर डाऊन होते तेव्हा

माझ्या सासूबाई एरवी शांत. त्या विनाकारण चिडल्या, की मी शुगरचं मशीन काढते. एका संकष्टीला सकाळी नेहमीची डायबेटिसची गोळी आणि वर चार घास खिचडी, एवढ्यावर त्या चंद्रोदयाची वाट बघत होत्या. संध्याकाळी मोदकाची उकड मळता मळता हात थांबले. वरच्या ओठावर घाम, बोटं थरथरत होती आणि म्हणे, "मला काही झालेलं नाही, तू मध्ये मध्ये करू नकोस." मशीनने ५८ दाखवले.

७० च्या खाली आकडा गेला की वाद घालायचा नाही, ग्लुकोजच्या पाण्याचं भांडं हातात द्यायचं. मशीन सापडत नसेल तर शोधत बसू नका. अर्धं भांडं पाण्यात ग्लुकोज पावडरचे शिगोशीग तीन चहाचे चमचे, म्हणजे साधारण १५ ग्रॅम. साखरही चालते, पण आईंच्या गोळीत व्होग्लिबोज आहे. त्याने आतड्यात साखर फुटायला वेळ लागतो, म्हणून आमच्याकडे ग्लुकोजच. तुमच्या घरच्या गोळीच्या पाकिटावर हे नाव आहे का, आजच बघा.

माझा नवरा पेढ्यांचा डबा घेऊन धावला होता. पेढा नको, चॉकलेटही नको. स्निग्धामुळे साखर रक्तात उशिरा उतरते. आणि घाईत शुगर-फ्रीची डबी उचलू नका, तिचा इथे काडीचा उपयोग नाही.

मग १५ मिनिटं थांबून पुन्हा तपासायचं. अजून ७० च्या खालीच असेल तर पुन्हा तेवढंच ग्लुकोज. आकडा वर आल्यावर पोटभरीचं काहीतरी हवंच. चंद्र उगवायचा होता. मी बाप्पाला हात जोडले आणि आईंना वरण-भात वाढला.

त्यांच्या गोळीत ग्लिमेपिराइडही आहे, त्याचा असर दिवसभर टिकतो. शुगर परत उतरू शकते. म्हणून डॉक्टरांना त्याच संध्याकाळी फोन केला आणि रात्री तीनचा गजर लावला.

माणूस बेशुद्ध असेल किंवा गिळता येत नसेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, चिमूटभर साखरही नाही. कुशीवर वळवायचं आणि १०८ ला फोन.

आता उपासाच्या दिवशी कुठली गोळी किती घ्यायची, हे डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलंय. तो फ्रीजवर चिकटवलाय. ग्लुकोजच्या मोजून पुड्या केल्यात: एक देवघरात, एक उशाशी, एक आईंच्या देवळात न्यायच्या पिशवीत.